गुरुवारी या, पण प्रायव्हेटमध्ये : ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय आरोग्य व सामाजिक सेवा मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन



इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब जरा स्थिरस्थावर झालं की एक प्रश्न हमखास विचारतं : दातांसाठी एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, जावं की प्रायव्हेट? सफकमधल्या आमच्या गावात मी अशा कुटुंबांना जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला, मुलांच्या शाळेचे अर्ज भरायला मदत करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत वारंवार येतो. मला त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही, हे आपल्यासमोर मांडायचं आहे. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते अशासाठी छापते आहे, की ज्यांच्या दातांबद्दल मी बोलते आहे त्यांनाही कळावं, त्यांच्या वतीने मी काय मागितलं.

कागदावर पाहिलं तर निवड अगदी सोपी आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड दातांची सेवा आपापल्या पद्धतीने चालवतात. आपल्या अखत्यारीतल्या इंग्लंडमध्ये एनएचएसचे तीन टप्पे आहेत. 2025च्या एप्रिलपासूनच्या दरांनुसार तपासणी, एक्स-रे आणि गरज असेल तर दात साफ करणं, हा पहिला टप्पा तेव्हा 27.40 पौंडांचा होता. फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणं हा दुसरा, 75.30 पौंडांचा. कॅप, ब्रिज, कवळी हा तिसरा, 326.70 पौंडांचा. एका उपचारक्रमात तीन फिलिंग लागली तरी पैसे एकदाच भरायचे. अठरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर वर्षभर तिला, तसंच ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्यांना काहीच पडत नाही. याउलट प्रायव्हेटमध्ये नुसत्या दाढेच्या रूट कॅनॉलला सहाशे-सातशे पौंड सहज लागतात आणि वर कॅपचे पैसे वेगळे. त्याच्या बदल्यात मिळतो मोकळा वेळ, मागच्या दाढांनाही दातांच्या रंगाचं फिलिंग, हवं तर इम्प्लांट. ज्याला जे परवडेल, जे रुचेल, ते त्याने घ्यावं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. गेल्या वर्षी सांगलीकडची एक मुलगी इथे आली. मुलगी म्हणते, कारण ती माझ्या लेकीच्या वयाची. नवरा हॉस्पिटलात नर्स, ती पाच महिन्यांची गरोदर. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं. गरोदरपणात हिरड्या सुजणं नवीन नाही, पण तिची एक दाढही ठणकत होती. सुईणीने तिला सांगितलं, तुला दातांचे उपचार मोफत आहेत, डेंटिस्टकडे जाऊन ये. आम्ही दोघी गावातल्या एका दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरची बाई बोलायला चांगली होती, चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. तिने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "एनएचएसचे नवे पेशंट आम्ही घेत नाही. प्रतीक्षायादीही बंद आहे. प्रायव्हेटमध्ये मात्र गुरुवारी येऊ शकता."

डॉक्टर तेच, खुर्ची तीच, दिवा तोच. गुरुवारी ते सगळं मोकळं होतं, पण पैसे मोजणाऱ्याला. मोफत उपचारांचा हक्क असलेल्या गरोदर बाईला तो गुरुवार मिळत नव्हता. तिथून बाहेर पडलो आणि मी फोनवर आसपासच्या गावांतले दवाखाने धुंडाळले. सगळीकडे तोच नन्नाचा पाढा. संध्याकाळी केमिस्टच्या दुकानात टूथपेस्टच्या शेजारी ठेवलेली एक डबी तिने उचलली आणि उलटीपालटी करून वाचू लागली. पडलेलं फिलिंग घरच्या घरी तात्पुरतं बुजवायचा संच होता तो : आत मसाल्याची छोटी कुपी, काडीएवढं प्लास्टिकचं हत्यार, आणि आरशासमोर उभं राहून काय करायचं त्याची चित्रं. मी ती तिच्या हातातून घेऊन परत ठेवली. ठणकणाऱ्या दाढेवर झाकण घालून आतला पू कुठे जाणार? शेवटी एनएचएसच्या 111 क्रमांकावर फोन केला आणि बऱ्याच खटाटोपानंतर दुसऱ्या गावात तातडीची वेळ मिळाली. त्या डॉक्टरने दुखणं थांबवलं. पुढचे उपचार नेहमीच्या डेंटिस्टकडे करा, असं त्याने सांगितलं. नेहमीचा डेंटिस्ट असता तर आम्ही तिथे गेलोच नसतो.

ही एकट्या सफकची कथा नाही, हे आपण जाणता. 2022च्या ऑगस्टमध्ये बीबीसीने देशभरातल्या जवळपास 7,000 दवाखान्यांत चौकशी केली, तेव्हा दहांतले नऊ दवाखाने नवे प्रौढ एनएचएस पेशंट घेत नसल्याचं दिसलं. 2024च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक दवाखाना पुन्हा सुरू झाला, तर नाव नोंदवायला शेकडो माणसांची रांग लागली आणि ती आवरायला पोलीस आले. आमच्याच सफकमधल्या लेस्टन गावातून 2021मध्ये दातांच्या एनएचएस सेवेसाठी लोकांची चळवळ उभी राहिली. मार्च 2024पर्यंतच्या दोन वर्षांत इंग्लंडमधल्या प्रौढांपैकी जेमतेम 40 टक्क्यांना एनएचएसचा डेंटिस्ट भेटला. त्याच्या चार वर्षं आधी तेच प्रमाण 49 टक्के होतं. उरलेले सगळे काही प्रायव्हेटकडे गेले नाहीत. अनेक जण कुठेच गेले नाहीत.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की आपल्या खात्याच्या कागदांत, भाषणांत आणि उत्तरांत ‘पेशंटने निवडलं’ असं म्हणणं थांबवावं. जो दुसरं दार बंद म्हणून प्रायव्हेटच्या दारात उभा राहतो, त्याने निवड केलेली नसते. त्याच्याकडून वसुली होत असते.

मी डेंटिस्टांना दोष द्यायला बसलेले नाही. इंग्लंडमधले बहुतेक डेंटिस्ट सरकारी नोकर नाहीत. दवाखाना त्यांचा, भाडं त्यांचं, नर्सचा पगार, वीज, साहित्य सगळं त्यांच्याच अंगावर. सरकार त्यांच्याकडून काम विकत घेतं, आणि ते कोणत्या मापाने विकत घेतं, तिथे सगळं बिघडलं आहे. 2006च्या करारात हे माप ठरलं : दंतकार्याचं युनिट. तपासणीला एक, फिलिंग किंवा दात काढण्याला तीन, कॅप-कवळीला बारा. एक फिलिंग केलं तरी तीन युनिटं आणि सहा केली तरी तीनच. दाढेचं रूट कॅनॉल म्हणजे तास-दीड तासाचं किचकट काम, कधी दोन-तीन बैठकांचं, त्यालाही तीन. तीच दाढ उपटून टाकली तर तेवढीच तीन युनिटं, आणि ते काम वीस मिनिटांत उरकतं. युनिटला 25 पौंड धरले तर दाढ वाचवण्याचे 75 आणि काढण्याचेही 75. ज्या डॉक्टरने तरीही दाढ वाचवली, त्याने ती पदरमोड करून वाचवली, असंच म्हणायला हवं. 2022च्या नोव्हेंबरमध्ये यात दुरुस्ती झाली. दाढेच्या रूट कॅनॉलला सात आणि तीन किंवा जास्त फिलिंगांना पाच युनिटं मिळू लागली. 2024मध्ये युनिटचा किमान दर 28 पौंड झाला. पण सोळा वर्षं जे माप चाललं, त्याने एका पिढीतल्या डेंटिस्टांना एवढं नक्की शिकवलं, की ज्याचं तोंड सर्वांत बिघडलेलं आहे तो पेशंट एनएचएसमध्ये घेणं म्हणजे घाट्याचा व्यवहार. आणि डेंटिस्टकडे वर्षानुवर्षं जाता न आलेल्या माणसाचंच तोंड सर्वांत बिघडलेलं असतं.

या मापाची दुसरी बाजू तर आणखी विचित्र आहे. ठरलेली युनिटं वर्षात पुरी झाली नाहीत, तर सरकार पैसे परत घेतं. डेंटिस्ट मिळत नाही म्हणून युनिटं पुरी होत नाहीत, म्हणून पैसे परत जातात, म्हणून दवाखाना एनएचएसचं काम आणखी कमी करतो. इकडे लोक रांगा लावतात आणि तिकडे वर्षाला सुमारे 3 अब्ज पौंडांच्या अंदाजपत्रकातले कोट्यवधी पौंड खर्चच होत नाहीत. दातांसाठी मंजूर झालेला पैसा दातांवरच खर्च झाला पाहिजे. यात मला वादाला जागाच दिसत नाही.

आता त्या खुर्चीकडे येते, कारण ज्याला एनएचएसचं दार उघडं मिळालं त्याचीही खरी परीक्षा तिथेच होते. तोंड उघडं, गाल बधिर, डोळ्यांवर दिव्याचा झोत. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "हे एनएचएसवर होईल, पण प्रायव्हेटमध्ये अधिक चांगलं होईल." अधिक चांगलं म्हणजे काय? टिकायला चांगलं, दिसायला चांगलं, की डॉक्टरांना वेळ जास्त मिळेल म्हणून चांगलं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. नियम असा आहे, की दातांच्या आरोग्यासाठी जे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे ते एनएचएसवर मिळालंच पाहिजे. एनएचएस आणि प्रायव्हेट उपचार एकत्र करायचे असतील, तर कोणता उपचार कुठे आणि किती पैशांत, हे वेगवेगळं लिहिलेला उपचार-आराखडा पेशंटच्या हाती द्यायला हवा. त्यासाठी छापील फॉर्मही आहे, एफपी17डीसी. मी ज्यांच्यासोबत गेले त्यांपैकी फार थोड्यांनी तो फॉर्म पाहिला होता. बरेच जण तोंडी आकड्याला मान हलवून बाहेर आले. इंग्रजी चांगलं बोलणारे, एरवी हुशारीने घासाघीस करणारे लोकही त्या खुर्चीत गप्प होतात.

म्हणून मराठी वाचकांनाही इथेच सांगते : फॉर्म मागा. मागच्या दाढेचं फिलिंग रुपेरी चालणार आहे की पांढरंच हवं, हा पसंतीचा प्रश्न आहे, त्यासाठी स्वखुशीने पैसे द्यायला हरकत नाही. दाढ वाचवायची की काढायची, हा पसंतीचा प्रश्न नाही. तिथे एनएचएसवर काय मिळतं ते आधी लेखी घ्या. दर सहा महिन्यांनी तपासणी सगळ्यांनाच लागते असंही नाही. इथली मार्गदर्शक तत्त्वं प्रौढांसाठी तोंडाच्या स्थितीप्रमाणे तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं अंतर सांगतात. महिन्याच्या हप्त्याची प्रायव्हेट योजना घेण्याआधी एवढं तरी विचारून घ्यावं.

प्रायव्हेट सेवेला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. वेळ देऊन, समजावून काम करणारे प्रायव्हेट डेंटिस्ट मी पाहिले आहेत आणि एनएचएसमध्ये घड्याळ बघत धावणारे तितकेच सज्जन डेंटिस्टही पाहिले आहेत. पुष्कळदा तो एकच माणूस असतो, सकाळी इकडचा आणि दुपारी तिकडचा. माझा आक्षेप आहे तो ज्याची ऐपत नाही त्याला प्रायव्हेटकडे ढकलण्याला.

आमच्या माणसांनी यावर आपला एक मार्ग काढला आहे. डिसेंबरमध्ये पुण्याला किंवा कोल्हापूरला गेलं, की दोन आठवड्यांत रूट कॅनॉल, कॅप, सगळं उरकून घ्यायचं. लग्नकार्याच्या यादीत आता डेंटिस्टही असतो. ओळखीचे डॉक्टर, ओळखीची भाषा, आणि खर्च इथल्या प्रायव्हेटपेक्षा पुष्कळ कमी. मी त्यांना अडवत नाही. पण इथे परतल्यावर कॅप ढिली झाली किंवा आत पुन्हा पू झाला तर काय? दुसऱ्याच्या कामाला हात लावायला इथला डेंटिस्ट बिचकतो, आणि मुळात डेंटिस्टच नसतो. शिवाय सहा तासांच्या शिफ्टवर काम करणाऱ्या, दोन वर्षांत एकदा तिकीट काढू शकणाऱ्या माणसाची दाढ डिसेंबरची वाट पाहत नाही. आणि हे लोक फुकट मागत नाहीत. आरोग्यसेवेचा व्हिसा सोडून इतर कामाच्या व्हिसावर आलेला प्रौढ माणूस 2024पासून वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार भरतो, तोही बहुतेकदा सगळ्या वर्षांचा एकदम आणि आगाऊ. त्यावर प्राप्तिकर, त्यावर नॅशनल इन्शुरन्स. इतकं भरूनही एनएचएस डेंटिस्टच्या दारातून तो परत फिरतो, तेव्हा त्याला कोणी कारण सांगत नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी आणखी एक धागा आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. मुंबई, पुणे, नागपूरच्या दंत महाविद्यालयांतून बीडीएस झालेल्या मुली-मुलं याच देशात आहेत. जनरल डेंटल कौन्सिलची परदेशी डेंटिस्टांसाठीची किंवा तिच्या तोडीची परीक्षा पास झाल्याशिवाय त्यांना डेंटिस्ट म्हणून काम करता येत नाही. परीक्षा हवीच, त्यात सवलत नको. तोंडात सुई घालणाऱ्या माणसाची पारख झालीच पाहिजे. पण परीक्षेच्या जागा मोजक्या आणि वाट पाहणारे हजारो. जागा खुल्या झाल्या की काही मिनिटांत संपतात. तोवर ही मुलं डेंटल नर्स म्हणून, कधी सुपरमार्केटच्या काउंटरवर दिवस काढतात. ज्या देशात दातांच्या डॉक्टरसाठी पोलीस बंदोबस्त लागतो, त्या देशात शिकलेला डेंटिस्ट भाजीचं बिल करतो, ही गोष्ट मला पटत नाही. परीक्षेच्या जागा वाढवणं हे नवं दंत महाविद्यालय उभारण्यापेक्षा लवकर होण्यासारखं आहे.

या सेवेने काय साधलं आहे याचीही आपल्याला आठवण करून द्यावीशी वाटते. 1948च्या जुलैत एनएचएस सुरू झाली तेव्हा दातांचे उपचार मोफत होते आणि लोकांनी अशी गर्दी केली की हिशेब कोलमडले. 1951मध्ये कवळी आणि चष्म्यावर पैसे आकारायचं ठरलं, तेव्हा एनएचएस उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी उपचारांवरही 1 पौंड शुल्क आलं. त्या कात्रीतूनही ही सेवा टिकली. 1968च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या 37 टक्के प्रौढांच्या तोंडात एकही स्वतःचा दात उरलेला नव्हता. 2009मध्ये इंग्लंडमध्ये हे प्रमाण 6 टक्क्यांवर आलं होतं. फ्लोराइडच्या टूथपेस्टचा त्यात मोठा वाटा आहे, पण घराजवळचा, परवडणारा डेंटिस्टही त्याचं कारण आहे. आज याच देशात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हॉस्पिटलात दाखल करण्याचं सर्वांत मोठं कारण दातांची कीड हे आहे. सहा वर्षांच्या पोराला पूर्ण भूल देऊन दात काढायचे, आणि ते अशा आजारासाठी जो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो! त्या मुलाच्या आईवडिलांनी कोणती निवड केली होती?

2024ची दंतसेवा सुधारणा योजना आपल्या आधीच्या सरकारची. नवा पेशंट घेतला की दवाखान्याला जादा पैसे द्यायचे, अशी त्यात कल्पना होती. 2025च्या एप्रिलमध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने नोंदवलं, की त्यावर किमान 88 दशलक्ष पौंड खर्च झाले आणि नव्या पेशंटांची संख्या उलट घटली. मला यातून इतकंच दिसतं, की एकेका भेटीवर बक्षीस लावून काम होत नाही. 2006 आधी माणसाचं नाव एका डेंटिस्टकडे नोंदलेलं असायचं. आता इंग्लंडमध्ये एक उपचारक्रम संपला की तुमचं-त्यांचं नातं कायद्याने संपतं. पुढच्या वर्षी तुम्हाला घ्यायचं की नाही हे दवाखान्यावर. अनेकांना हे ठाऊकच नसतं. आपण पंधरा वर्षं ‘आपल्या’ डेंटिस्टकडे जातो असं ते समजत असतात आणि मधे दोन वर्षं गेलं नाही तर यादीतून नाव गेल्याचं फोनवर कळतं. स्कॉटलंडमध्ये एकदा नोंदलेलं नाव आयुष्यभर राहतं, तपासणी मोफत आहे आणि 26 वर्षांखालच्या सगळ्यांना उपचारही मोफत आहेत. तिथेही डेंटिस्टांची टंचाई आहे, मी तिथलं चित्र रंगवून सांगत नाही. पण नाव नोंदलेलं असलं की निदान कोणाच्या दारात जाऊन भांडायचं हे माणसाला कळतं.

तेव्हा डेंटिस्टांशी होणाऱ्या नव्या करारात नोंदणी परत आणावी, आणि डेंटिस्टला पैसे नोंदलेल्या माणसांच्या तोंडाची काळजी घेण्याचे मिळावेत. नर्सरीतल्या मुलांना शाळेतच दात घासायला लावण्याची योजना आपण इंग्लंडच्या गरीब वस्त्यांत सुरू केली आहे. स्कॉटलंडने ती पूर्वीच करून दाखवली, तिला पैसे कमी पडू देऊ नयेत. गरोदर बाया आणि लहान मुलं यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात राखीव वेळा असाव्यात, ज्या प्रायव्हेटला विकता येणार नाहीत.

हे सगळं व्हायला वर्षं लागतील, हे मला समजतं. एक गोष्ट मात्र या महिन्यातही होऊ शकते. एनएचएसच्या संकेतस्थळावर डेंटिस्ट शोधायला गेलं, की एकामागून एक नावापुढे हेच वाचायला मिळतं, की नवे पेशंट घेतात की नाही याची माहिती या दवाखान्याने अलीकडे दिलेली नाही. मग माणूस एकेकाला फोन करत बसतो, कामाच्या वेळेत, ठणकत्या दाढेसह. ज्या दवाखान्याला सरकारी पैसे मिळतात, त्याने दर महिन्याला ही माहिती भरलीच पाहिजे, नाहीतर त्याच्या हप्त्यातून कपात होईल, एवढा हुकूम आपण काढावा. आणि त्याच पानावर हेही असावं, की प्रायव्हेटची पहिली रिकामी वेळ कधीची आहे आणि एनएचएसची कधीची.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
सफकमधली एक रहिवासी